बाळंतिणीची मालिश आणि माझा खांदा

अहमदपूर

श्रीमान व्याही आप्पासाहेब यांच्या सेवेशी रामलिंगचा सादर रामराम. आपल्या गुडघ्यांना उतार असेल, विहीणबाई साखराबाईंचा रक्तदाब ताळ्यावर असेल आणि नांदेडात नळाला पाणी येत असेल, असं धरून चालतो. इकडचं आपणास ठाऊकच आहे. तुमचा-आमचा नातू जन्मला तो रडलाच नाही. तेव्हापासून आमची लेक ऋतुजा खोलीबाहेर आली नव्हती, आणि आम्ही नवराबायको भाजीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नव्हतो.

तर मालिशचा प्रकार ऐका. निलंग्याच्या गुरम्माला मी सातव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं (बाळ-बाळंतिणीला चोळावं ते तिनंच, असं आमच्याकडे म्हणतात). पुढं जे झालं ते तिला कळवायचं राहून गेलं. परवा सकाळी ती तेलाची बाटली अन् ओवा घेऊन एसटीतून उतरली आणि फाटकातूनच ओरडली, "बाळराजे कुठं हायती?" सगळी नोकरी मी पोरांना कवायत शिकवली, माझा आवाज पार बसस्टँडपर्यंत जायचा. पण तेव्हा निघाला तो पुटपुटण्याएवढा, आणि शब्दही भलताच. म्हणालो, "आधी माझा खांदा बघा. धरलाय." (खांदा ठणठणीत होता. आता नाही.)

तिनं मला ओसरीवर पालथं पाडलं. मालिशचे फायदे मी शाळेत फळ्यावर लिहून द्यायचो: रक्ताभिसरण सुधारते, स्नायू सैल होतात, गाढ झोप लागते. बोंब मारावी लागते हे त्यात नव्हतं. चोळता चोळता ती या विद्येचं मूळही सांगत होती. पहिली मालिश म्हणे पार्वतीनं स्वतःच्याच अंगाला केली, त्या मळाचा गणपती झाला, म्हणजे मालिश आधी अन् लेकरू मागून. मग तिनं खांद्यात कोपर घातलं आणि मी असा ओरडलो की ऋतुजा धावत दारात आली. मला तसा पाहून हसली. आप्पासाहेब, पोरगी हसली हो! आणि हसता हसताच भिंतीला टेकून रडायला लागली.

गुरम्मानं तिच्याकडं पाहिलं, आत पाळणा बांधलेला नाही हे पाहिलं, आणि मला तसाच तेलकट टाकून उठली. आता मालिशची गरज उरली नाही, असं मी कसंबसं म्हणालो. ती म्हणाली, "अंग तर बाळंतिणीचंच हाय की, गुर्जी. त्याला कोण सांगावं लेकरू न्हाई म्हणून?" तिनं पोरीला आत नेऊन चोळलं, शेक दिला, पोट बांधलं, आणि आमच्यापैकी कुणीच जे विचारलं नव्हतं ते विचारलं. लेकरू कुणावाणी होतं? ऋतुजा म्हणाली, "मला दाखवलंच न्हाई." मग ती दुपारभर झोपली. मी बाहेर खांदा धरून रडत बसलो. शेजाऱ्यांना वाटलं मालिशमुळे.

बाकी ठीक. लोभ आहेच, तो तसाच राहू द्यावा.

आपला,
रामलिंग

ता.क. आपल्या गुडघ्यांसाठी गुरम्माचं तेल पाठवतो. तेलावरच भागवा, गुरम्मा मागवू नका.

ता.क. दुसरा: लेकरूच नाही तर सव्वा महिना कशाचा, सोमवारी पोरीला पाठवा, असा विहीणबाईंचा फोन होता. मी बरं म्हणालो होतो. ते मागे घेतो. सव्वा महिना ती इथंच राहील. रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता.क. तिसरा, आणि हा तुम्ही एकट्यानंच वाचा: बाळाला मातीला नेलं ते तुमच्या चिरंजीवांनी, भागवतरावांनी, स्वतःच्या हातांवर. तोंड त्यांनीच पाहिलं आहे. (जावईबापू तेव्हापासून फोनवर तिला 'जेवलीस का' एवढंच विचारतात.) त्यांना दोन दिवस इकडे पाठवा. नाक कुणासारखं होतं, तेवढं त्यांनी तिला सांगावं.