अल्फीचे पन्नास शब्द

सोमवार, ३ फेब्रुवारी
आजपासून लिहायचं. रोज. फोनमध्ये नाही, फोन क्रेग बघतो. अल्फीच्या लाल पुस्तकाच्या मागे कोरी पानं आहेत, तिथं. बाळ झालं की सगळ्यांना हे पुस्तक देतात, वजन, लशी वगैरे लिहायला. क्रेगनं, बाप असून, दोन वर्षांत एकदाही उघडलेलं नाही. तिजोरीपेक्षा सेफ.

पत्र आलंय. २७ तारखेला दुपारी दोन वाजता हिलरी येणार. नर्सबाई आहेत, घरोघर जाऊन मुलं नीट वाढतायत का बघतात. सोबत फॉर्म. मूल पन्नास शब्द बोलतं का? हो, नाही.

अल्फीचे मोजले. अकरा. दूध, बिस्कीट, बस, भूभू, ससा असे. 'नाही' दोनदा मोजला गेला होता, तो एक काढला. टीव्हीला 'टी' म्हणतो, तो धरला.

पन्नास नसले तर लिहून घेतात. लिहून घेतलं की दुसरी माणसं येतात. ती आली की मूल जातं. मागच्या गल्लीतल्या एकीचं गेलं.

प्लॅन: रोज दोन शब्द. चोवीस दिवस. अठ्ठेचाळीस आणि अकरा, एकोणसाठ. नऊ जास्तच होतात. 'मम्मी' अजून म्हणत नाही, पण ते सोप्पं आहे. ते शेवटी घेऊ.

बुधवार, ५ फेब्रुवारी
शब्द बारा. (चमचा.)

वाटाणे सांडले. क्रेग म्हणाला, मपेट. हसून म्हणाला. म्हणजे आज छान.

नावं ठेवण्यात काही नसतं. आमच्या हल शहरात बसवाला ठेवतो, चिप्सवाली ठेवते, प्रेमानं ठेवतात. आणि क्रेगचं तर मला आता पाठ झालंय. माझे आजोबा मासेमारीच्या बोटीवर होते. रेडिओवर वाऱ्याचा अंदाज ऐकायचे आणि मगच निघायचे. माझं तसंच. शब्द पाच, अर्थ सगळ्यांचा एकच, बावळट. पण जोर वेगळा. डॅफ्ट म्हणाला तर ऊन. मपेट म्हणजे ऊन, थोडे ढग. नम्प्टी म्हणजे वारा सुटला, टीव्हीचा आवाज कमी करायचा. प्लॉंकर म्हणाला की काचेचं सगळं कपाटात. पिलक म्हणाला की अल्फीला उचलायचं, बाथरूममध्ये जायचं, आतून कडी.

जास्त करून नम्प्टीच असतं. किर्स्टी अशी हाक कधी मारली होती, आठवत नाही.

शाळेत मला काही म्हणजे काही जमलं नाही. पंधराव्या वर्षी सोडली. पण ह्या विषयात परीक्षा घेतली तर मी पहिली.

शनिवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
टीम हरली. चिप्स गार होत्या. प्लॉंकर.

कपाटापर्यंत पोचले नाही. प्लेट माझ्या डोक्याच्या उजवीकडे भिंतीवर फुटली. मला लागली नाही. म्हणजे मारायची नव्हतीच. नेम चांगला आहे त्याचा, पबमध्ये डार्ट्स जिंकतो.

चूक माझी. ह्यापुढे चिप्स ओव्हनमध्ये झाकून ठेवायच्या.

नवीन शब्द नाही. अल्फी काचेकडे बोट करून 'आऊ' म्हणाला. तो शब्द धरत नाहीत बहुतेक. मी धरला. तेरा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
तिसरं कॅलेंडर आणलं. जिन्याजवळच्या भोकावर लावलं. आमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, मुठीनं लगेच भोक पडतं, बिल्डरचा दोष. एक कॅलेंडर कुत्र्यांचं, एक दीपस्तंभांचं. आजचं ट्रॅक्टरचं, गेल्या वर्षीचं, पण भोक नीट झाकतं. घरात कॅलेंडरं तीन आणि आज किती तारीख म्हटलं तर फोन बघावा लागतो.

शब्द चौदा. ट्रॅक्टर शिकवायला गेले, 'टॅ' म्हणाला. म्हटलं चालेल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
डोरीन आजी आली. मला हिनंच वाढवलं. कॅलेंडरं बघून म्हणाली, एवढी घाई कसली आहे तुम्हाला. मी हसले. मग तिनं माझं मनगट बघितलं. म्हटलं, ओव्हनचं दार.

मी तिला म्हटलं, आजोबा तुला चाळीस वर्षं डॅफ्ट म्हणत होते, नाही का गं? म्हणाली, हो, मरायच्या आदल्या दिवशीपण म्हणाला. मी म्हटलं, बघ. तर म्हणाली, "पोरी, त्या माणसानं कधी कपसुद्धा जोरात ठेवला नाही."

म्हातारी आहे. हल्लीच्या पुरुषांना कामाचं किती टेन्शन असतं तिला काय माहीत. क्रेग कॅरावॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात दिवसभर खिडक्या बसवतो. एकही फोडत नाही. म्हणजे कंट्रोल आहे त्याला.

रविवार, १६ फेब्रुवारी, दुपारी ४
पिलक. जेवण चालू असताना. कारण कळलं नाही, ग्रेव्ही असावी.

अंदाज अचूक. शब्द संपायच्या आत अल्फी माझ्या काखेत, जिना, बाथरूम, कडी. टबमध्ये पाणी नसतं तेव्हा आम्ही त्यात बसतो. ती आमची बोट. अल्फी पुढे, मी मागे, त्याच्या मांडीवर कापडी ससा. मी वल्हवते. आज क्रेग दाराला लाथा मारत होता तेव्हा मी अल्फीला सांगितलं, लाटा आहेत बरं का, मोठ्या लाटा. खालची फळी फुटली, त्यातून त्याचा बूट आत आला आणि परत गेला. म्हटलं, शार्क.

अल्फी रडला नाही. गप्प ससा धरून बसला. त्याला हा खेळ आवडतो. दोन वर्षांचा आहे, त्याला काय कळतंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी
क्रेग रडला. गुडघ्यावर बसून. पेट्रोल पंपावरची फुलं आणली. दाराला फळी ठोकली, माझ्यापेक्षा नीट ठोकली. म्हणाला, डॅफ्ट बाई, तुझ्याशिवाय मी मरेन. डॅफ्ट! ऊन.

त्यानं स्वतःच अल्फीला एक शब्द शिकवला: फूल. पंधरा.

गुरुवार, २० फेब्रुवारी
आज शब्दच नव्हता.

कामावरून आला, कोट काढला, खुंटीला नीट अडकवला, आणि मारलं. आधी कानावर. मग खाली पडल्यावर बरगडीत, बुटानं. काही बोलला नाही. मी वाट बघत होते काहीतरी म्हणेल म्हणून. म्हणाला असता तर मी उठले असते, कडी लावली असती.

हे माझ्या यादीत नव्हतं.

अल्फी टेबलाखाली होता. कार्टून चालू होतं, तिकडेच बघत असणार.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
डाव्या कानात शिट्टी वाजते. एका अर्थी बरं, शेजारच्यांच्या कुत्र्याचा आवाज कमी येतो.

हिलरीची भेट पुढे ढकलायला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, एकदा ढकललीय तुम्ही, आता परत ढकलली तर वर कळवावं लागतं. मी म्हटलं, नको नको, या.

बुधवार, २६ फेब्रुवारी
शब्द बावीस. पन्नासच्या अर्ध्याला तीन कमी. एका दुपारीत होतील.

बाकी तयारी झाली. मेकअपचे दोन थर. कानावर केस. बरगडी दिसत नाही, फक्त हसायचं नाही. दाराच्या फळीवर टॉवेल. सांगायचं: पडले, अंगणात, बर्फ होता. बर्फ नव्हता. मग: पाऊस होता.

क्रेग कामावर जाताना दारात थांबला. अगदी हळू बोलला. "उद्या त्या बाईसमोर जपून. पोरगं गेलं तर तुझ्यामुळं जाईल, किर्स्टी."

नावानं हाक मारली. कुठल्या नंबरचा वारा, कळेना.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
हे गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.

हिलरी दोनला दहा कमी असतानाच आल्या. पिशवीत बाहुली, ठोकळे, चित्रांचं पुस्तक. अल्फीनं बस सांगितली, भूभू सांगितला, फूल सांगितलं. मी मनात टिक करत होते. बाहुली दिली आणि म्हणाल्या, हिला जेवू घाल. अल्फीनं चमचा घेतला. तिला एक घास दिला. मग चमच्यानं कानावर मारलं, फाट, आणि पुढचा घास दिला.

मी म्हटलं, मुलगे असतातच दांडगे. हसले. बरगडीत कळ आली.

हिलरीनं माझ्याकडे बोट केलं. "अल्फी, ही कोण रे?"

अल्फी छान हसला. उत्तर येत होतं ना. म्हणाला, "नम्प्टी."

तेविसावा शब्द. अगदी स्वच्छ म्हणाला.

मी म्हटलं, घरातली गंमत आहे, आम्ही सगळेच एकमेकांना म्हणतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, लाल पुस्तक देतेस का, वजन लिहिते.

दिलं.

चहा करायला वळले, किटलीचं बटण दाबलं आणि तेव्हा आठवलं. मागची पानं. सगळ्या जगापासून लपवलं आणि ज्या बाईपासून लपवायचं तिच्याच हातात दिलं. याला पाचात शब्द नाही. सहावा काढावा लागेल.

मागे बघितलं तर त्या उभ्यानं वाचत होत्या. शेवटचं पान, मग त्याच्या आधीचं. मग मान वर करून एकेक कॅलेंडर बघितलं. ट्रॅक्टर उचलून मागे बघितलं, परत नीट लावलं.

मी म्हटलं, ती गोष्ट आहे. मी गोष्टी लिहिते.

म्हणाल्या, क्रेग किती वाजता येतो? म्हटलं, साडेचारला. त्यांनी घड्याळ बघितलं. पावणेतीन.

मी म्हटलं, त्याचे पन्नास होतील हो, मला एक आठवडा द्या, नेऊ नका त्याला.

पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "अल्फीला एकट्याला कोणी नेत नाही, बाळा. त्याचे बूट कुठे आहेत? आणि तुझे?"

शनिवार, १ मार्च
हे घर कुठल्या गावात आहे ते लिहायचं नाही असं सांगितलंय. क्रेगसारख्या माणसांपासून निघून आलेल्या बायका राहतात इथं. माझ्यासारख्या नाहीत त्या. त्यांना खरंच मारतात. समोरच्या खोलीतलीचे दात नाहीत. मी फक्त चार दिवस आलेय, हिलरीचं मन राखायला.

टोस्ट जळका. चहा पांचट. फ्रिजमध्ये माझ्या दुधावर माझं नाव लिहिलंय, किर्स्टी. बघायला विचित्र वाटतं.

आजीला फोन केला. क्रेग तिच्याकडे गेला होता. दारात रडला. म्हणाला, त्या डॅफ्ट मुलीला सांग, घरी ये. मी आजीला दोनदा विचारलं, नक्की डॅफ्टच म्हणाला ना? मपेटपण नाही? म्हणाली, हो, डॅफ्ट. मग म्हणाली, मी साखळी काढली नाही हं दाराची.

पण डॅफ्ट. म्हणजे ऊन आहे. सोमवारी दहा चाळीसची बस.

अल्फीला इथलं काही कळत नाही. त्याला घरच हवं असणार. त्याची खेळणी तिकडे.

सोमवार, ३ मार्च, सकाळी ११
पिशवी भरून ठेवली होती. साडेआठला नाश्ता. स्वयंपाकघरात मी आणि अल्फी, दोघंच. दुधाची बाटली उघडताना हातातून सुटली, फरशीभर दूध. मी म्हटलं, पिलक. मलाच म्हटलं. मोठ्यानंही नाही.

फडकं आणून पुसलं. वर बघितलं तर खुर्ची रिकामी. टोस्ट तसाच.

हाका मारल्या. जिन्यावर नाही, खोलीत नाही. समोरच्या खोलीतली म्हणाली, वर गेला गं, पळत.

बाथरूममध्ये होता. टबमध्ये. कोरड्या टबमध्ये, पुढे सरकून, गुडघे पोटाशी, मांडीवर ससा. मागे माझ्यापुरती जागा ठेवली होती. दार ढकलून लावलं होतं, पण कडी उंच आहे, हात पोचला नाही. माझ्याकडे बघितलं. रडत नव्हता. मला उशीर झाला म्हणून रागावला होता थोडा.

"मम्मी," म्हणाला. "कडी."

मी कडी लावली. मागे बसले. तो लाटांची वाट बघत होता. आल्या नाहीत. तरी बराच वेळ बसला, कान देऊन.

दहा चाळीसची बस गेली.

शब्द पंचवीस.