नॉर्वेचं पोलाद आणि नायगावचा बार्ज

निर्मळ, वसई
ता. ८ मे १९८३

प्रिय गॅब्रूदादास पॉलिनचा मनापासून नमस्कार.

तुझं सिंगापूरचं पत्र पोचलं. कंबर कशी आहे? भर समुद्रात तुला शेक कोण देत असेल, या काळजीने आई दोन घास कमी खाते (आणि मग संध्याकाळी ते भरून काढते). प्रभूकृपेने आम्ही सगळे खुशाल आहोत. केळी यंदा बरी धरली. आपला धाकटा हिलरी मात्र महिनाभरात इतका वाळला की लेंग्याची नाडी दोनदा आवळावी लागते. त्याचं कारण सांगायलाच हे पत्र लिहायला घेतलं.

तुला ठाऊक आहेच, नायगावच्या खाडीकाठी हिलरीने जोडकामाचं वर्कशॉप टाकलंय. तिथे खाडीपलीकडच्या हरेश्वरचा बार्ज दुरुस्तीला आला. खाडीत वाळू वाहणारा नव्हे, समुद्रात माल नेणारा मोठा बार्ज. तळाच्या प्लेटा गंजून चाळण झाल्या होत्या. हरेश्वरच्या घरची सगळी माणसं त्या एका बार्जवर जगतात, आणि पावसाआधीच्या शेवटच्या उधाणाला तो पाण्यात गेला नाही तर चार महिने चिखलात बसणार. हिलरीने कुठल्याशा बंद पडलेल्या यार्डातून जादा ताकदीच्या पोलादाच्या प्लेटा मिळवल्या, अगदी कोऱ्या. मग मुंबईहून जहाजं तपासणारे सर्व्हेअर आले, पिंगेसाहेब. माणूस सज्जन, आवाज कमी, चष्मा जाड. त्यांनी प्लेटेवरचा शिक्का पाहिला आणि हळूच सांगितलं की बार्ज नोंदलाय जहाजांना दाखला देणाऱ्या लंडनच्या संस्थेकडे, त्यांना हवं एएच छत्तीस. यावर शिक्का नॉर्वेच्या संस्थेचा, एनव्ही ए छत्तीस. तेव्हा असं लावता येणार नाही. हरेश्वर प्लेटेकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, पानी काय शिक्का वाचतं?"

मी तेव्हा हिलरीचा डबा घेऊन गेले होते. हरेश्वरचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेना. नववीला मी धातूंचे गुणधर्म शिकवते, पण एका पोलादाला दोन नावं का, हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी पिंगेसाहेबांना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या ऐवजी बॅगेतून दोन्ही संस्थांची नियमांची पुस्तकं काढून माझ्या हातात ठेवली. (हिलरीच्या मते त्यांना ओझं कमी करायचं होतं.)

दादा, काय मजेचं वाचन आहे ते! छत्तीस म्हणजे चौरस मिलिमीटरला छत्तीस किलोची ओढ. तेवढं ताणलं तरी सोडल्यावर पोलाद पुन्हा मूळ मापावर येतं. हे लंडनलाही तेच, नॉर्वेलाही तेच. लंडनवाले जादा ताकदीसाठी एच लावतात, नॉर्वेवाले छत्तीस लिहिलं की ताकद आलीच असं धरतात. जर्मनांचा शिक्का आणखी तिसरा. कार्बन किती, मँगनीज किती, हे मी फळ्यावर शेजारी शेजारी मांडलं. फरक निघाले ते केसाएवढे. मुख्याध्यापिका मटिल्डाबाई वर्गात डोकावल्या आणि हे कुठल्या परीक्षेला आहे, असं विचारून गेल्या.

खरी गंमत पहिल्या अक्षरात होती. ए, डी, ई ही अक्षरं थंडीची. ए पोलाद शून्य अंशावर घाव घालून तपासतात, डी वजा वीसवर, ई वजा चाळीसवर. म्हणजे ई सर्वांत चिवट. हे मी जेवताना सांगितलं आणि हिलरीचा घास हातातच राहिला. त्याच्या मालात काही प्लेटा ई छत्तीसच्या होत्या. आयुष्यभर प्रगतिपुस्तकात ई पाहिलेला मुलगा तो. त्याने त्या नापास समजून बाजूला टाकल्या होत्या, आणि एक कापून आपल्या डुकरांच्या कुंपणाला दार केलं होतं. (ते दार उघडायला दोन माणसं लागतात, हे मी तुला मागे कळवलं होतं. कारण आता कळलं.) तळाला प्लेटा कमी पडत होत्या त्या याच. आणि कापलेल्या प्लेटेचा शिक्का होता नेमका दाराच्या तुकड्यावर, तो दाखवल्याशिवाय ती प्लेट कोण मानणार? दार काढलं तशी डुकरी आल्बिनाकाकूंच्या मोगऱ्यात गेली; रविवारच्या मिस्साला काकू आमच्या बाकावर बसल्या नाहीत.

पिंगेसाहेब परत आले तेव्हा मी सगळं मांडलं. ते म्हणाले, हिशेब बरोबर आहे, पण सारखं असणं वेगळं आणि सारखं असल्याचं डोळ्यांनी पाहणं वेगळं. पोलाद ओतलं तेव्हा त्यांच्या संस्थेचा माणूस तिथे उभा नव्हता. तेव्हा तुकडे कापून त्यांच्यासमोर तपासायचे. आम्ही सगळे मुंबईच्या प्रयोगशाळेत गेलो. ईचा तुकडा स्पिरिटमध्ये वजा चाळीसपर्यंत गार केला, यंत्रात ठेवला, आणि वरून लंबकासारखा हातोडा सुटला. हिलरीने क्रूसाची खूण केली, हरेश्वरने डोळे मिटले, मी मात्र पापणी मिटली नाही. तुकडा काचेसारखा फुटला नाही. वाकला, फाटला, आणि हातोडा दमून मध्येच थांबला. ए पोलादाचे तुकडेही कसोटीला उतरले. पिंगेसाहेबांनी प्रत्येक प्लेटेवर आपला शिक्का ठोकला. परवाच्या उधाणाला बार्ज पाण्यात गेला. हरेश्वर गुडघाभर पाण्यात उभा राहून तळावर नुसता हात फिरवत होता.

कंबरेला जप. सर्वांतर्फे खूप प्रेम.

तुझी बहीण,
पॉलिन

ता. क. पिंगेसाहेबांच्या कार्यालयात तपासनिसाची जागा आहे आणि मी अर्ज करावा असं ते म्हणतात. गोदीत जावं लागेल, शिडीवर चढावं लागेल. मला जायचंय, दादा. तुला कॉलेजला पाठवलं तेव्हा मीही गणितात पुढेच होते. शाळेचं देवाचं काम सोडून बाई जहाजांच्या पोटात शिरणार, हे आईला सांगायचा मला धीर नाही. ती तुझं ऐकते. तू लिही.

ता. क. २ आईने हे पत्र वाचलं. (पाकीट चिकटवायचं राहिलं होतं.) पाच मिनिटं ती परसात जाऊन उभी राहिली. परत आली ती कागद आणि पेन्सिल घेऊनच, मला खुर्चीवर बसवलं आणि माझ्या पायाभोवती रेघ ओढली. तिचा निरोप असा की गॅब्रूने तिला समजावणारं पत्र लिहू नये, जहाजावर घालतात ते लोखंडी टोकाचे बूट पाठवावे. कागद सोबत आहे. तो डाव्या पायाचा आहे. पण बूट दोन्ही पाठव, असं तिने बजावलंय.