तक्त्यातली कॉडची रिकामी ओळ

सेंदाई, २२ डिसेंबर

आदरणीय मामा,

वाकून नमस्कार. तिकडे बर्फ गुडघ्यापर्यंत आलं असेल. तुमची कंबर कशी आहे? मामींना सांगा, मी मोजे घालते. (दोन जोड. त्यांना खोटं वाटेल म्हणून लिहिलं.)

शाळेत जायच्या आधीच तुम्ही मासळीच्या दुकानातल्या ओट्यावर मला माशाचा एकेक अवयव नावानिशी शिकवलात, म्हणून मी आज इथे प्रयोगशाळेत आहे. ज्या मेदाला सल्फेट चिकटलेलं असतं, तो कुठल्या प्राण्याच्या कुठल्या अवयवात किती आहे, आणि तो बनवणारं विकर व तोडणारं विकर कुठे कुठे आहे, याचा तक्ता मी करते आहे. उंदराच्या मेंदूत आणि मूत्रपिंडात तो भरपूर सापडला, यकृतात जवळजवळ नाहीच. डुक्कर, बेडूक, कोंबडा झाले. फक्त कॉड माशाची ओळ रिकामी आहे. ती वीस जानेवारीपर्यंत भरली नाही, तर परिषदेत माझ्याऐवजी दुसरं कुणी बोलेल, असं उबुकाता सरांनी सांगितलं आहे.

म्हणून तर नर कॉडची वृषणं मागवली होती. मंगळवारी तुमचा फोन आला, की खोकं बर्फात घालून रवाना केलं. शुक्रवार उजाडला तरी खोकं नाही! मला आधी रेल्वेचा संशय आला, मग कुरोइवांचा. ते माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतात, त्यांचाही विषय मासेच, आणि गुरुवारच्या वर्षअखेरच्या मेजवानीपासून ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. मी त्यांचं शीतकपाट तपासलं (हातमोजे घालून, प्रत्येक नळी जागच्या जागी ठेवून). शेवटी तोंडावरच विचारलं. ते लाल झाले आणि म्हणाले, "चिगुसाबाई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर तिसऱ्यांदा वाढून घेतलंत."

मी धावत कार्यालयात हातानोबाईंकडे गेले. "अगं, वर लाल-पांढरा कागद, त्यावर सरांचं नाव! वर्षअखेरची भेट ती, आणि त्यात हिवाळ्यातला असा मेवा! नुसती ठेवून दिली असती तर पाठवणाऱ्याला काय वाटलं असतं?" त्यांनी ती कोबी आणि टोफूबरोबर पातेल्यात सोडली होती. मामा, भेटींच्या त्या आठवड्यात दुकानातलं प्रत्येक खोकं तुम्ही त्याच कागदात बांधता, हे मला ठाऊक होतं. तुम्हाला बजावायला मी विसरले. उकळलेलं विकर काही काम करत नाही. सरांचं आभारपत्र तुम्हाला मिळालंच असेल. त्यात चवीबद्दल लिहिलेलं सगळं खरं आहे.

तुमची भाची,
चिगुसा

ता.क. दोन खोकी पाठवाल का? मोठं सरांच्या नावे, छान बांधून. छोटं माझ्या नावे, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर "सडका माल" असं लिहून. दोन्हींचं वजन वेगळ्या पत्राने कळवा, इथे पुन्हा तोलून बघेन.

ता.क. २. माझ्या शीतकपाटाला आता कुलूप लावलं आहे. किल्ली कुरोइवांकडे दिली. मेजवानीत त्यांनी फक्त कोबी खाल्ला. हा पदार्थ त्यांना बघवतही नाही. मी मागितली तरी किल्ली द्यायची नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलं आहे.