सूप खाली ठेव

आई, यंदा गौरी धाकट्या जावेकडे होत्या, म्हणून आम्ही दोघं गाडी काढून आंबोलीकडे निघालो. नेसरीच्या पुढे पुलाचं काम चाललेलं. वळसा घेताना रस्ता चुकलो आणि डोंगरातल्या एका वाडीत अडकलो, कारण देवळासमोर भर दुपारी बायकांनी रस्ता अडवूनच फेर धरला होता. मधोमध एक म्हातारी गौरीचं सूप नाचवत होती. सूप डोक्यावरून फिरतंय, पाठीमागून पुढे येतंय, आणि बाईचा पाय काही चुकत नाही. कपाळ मोकळं, गळ्यात काही नाही. शेजारच्या एका तरण्या सुनेला मी हळूच विचारलं, "यांना चालतं का हो?" ती खेकसलीच. "न चालायला काय झालं? आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत्यात, पावणं. मागं ऱ्हायलेल्या बायकूचं पाय न्हाईत जाळत." बायका हसल्या. मला गाडीत जाऊन तोंड लपवावंसं वाटलं.

कारण मला तू दिसत होतीस. कसबा बावड्यात, सासरी, माझी पहिली गौर. अण्णा जाऊन, तुझं कुंकू पुसून वर्षही झालं नव्हतं, तरी नव्या सुनेच्या पहिल्या गौरीला माहेरून येतात ती माझ्या ओवशाची सुपं मांडीवर घेऊन तू नेसरीहून एसटीने आलीस. तुझ्यासारखं सूप पंचक्रोशीत कुणाला नाचवता येत नाही, असं मीच सासरी मिरवून ठेवलेलं. खेळ रंगात आला आणि तुला राहवेना. पदर खोचून तू फेरात शिरलीस, सूप घेतलंस, दोन पावलं टाकलीस. तेवढ्यात मी तुझं कोपर धरलं. "आई, सूप खाली ठेव. बघतात सगळ्या." तू दचकलीस. "व्हय की गं, इसरलोच मी," म्हणालीस, आणि आत जाऊन खेळ संपेपर्यंत विळीवर भोपळा चिरत बसलीस. त्यानंतर अकरा वर्षं जगलीस, पण नेसरीतसुद्धा कधी सुपाला हात लावला नाहीस. विचारलं की म्हणायचीस, गुडघं दुखत्यात. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन चढ चढणाऱ्या बाईचे गुडघे कसे होते, ते मला माहीत नव्हतं का?

लोकांना मात्र मी वेगळंच सांगत आले. सासूबाईंनी आईला खेळू दिलं नाही, असं. बहिणीला सांगितलं, ह्यांना सांगितलं, लेकीलाही सांगितलं. सांगून सांगून मलाही ते खरं वाटू लागलं. परवा वाडीतून गाडी बाहेर काढताना ह्यांनी आरशातून मागच्या फेराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या आईनं त्या दिवशी तुझ्या आईशी वाईट केलं गं. तिच्या वतीनं मी माफी मागतो." आणि मी काय म्हणाले असेन? "जाऊ द्या, जुन्या वळणाच्या होत्या त्या." मोठ्या मनाने माफ करून टाकलं मी त्यांना!

आई, सासूबाई त्या दिवशी सरकून तुला जागा करत होत्या. "या की विहीणबाई, मी बी येतो," म्हणत होत्या. ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं. त्यांचा हात पुढे आलेला असताना मी तुझं कोपर ओढलं.

हे तुला लिहायला मला काहीच धाडस लागलं नाही. ज्यांना हा कागद वाचायला द्यायला हवा, ते बाहेर सोप्यात पेपर वाचत बसलेत. दोनदा दारापर्यंत जाऊन मी परत आले.