नुसतं नाव

मुंबई, ३ नोव्हेंबर १९९४

प्रिय त्रिंबक,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? सोळा वर्षांनी लिहितोय. आधी खुशखबर घे. आमच्या विमान कंपनीनं औरंगाबाद ते टोकियो विमान पक्कं केलंय. येत्या जानेवारीत पहिलं उडेल.

तू आता कारखानदारांच्या संघटनेचा सेक्रेटरी. विमान मीच आणलं म्हणून गारखेड्यापासून लासूर स्टेशनपर्यंत सांगत फिरतोस, असं माझ्या भावानं, मल्हारीनं कळवलं. वा रे पठ्ठ्या! रूट प्लॅनिंगच्या टेबलावर सहा वर्षं मी बसतोय. आमची जुनी विमानं अवाढव्य. चारशे माणसं भरल्याशिवाय परवडायची नाहीत, आणि चिकलठाण्याची धावपट्टी त्यांना आखूड पडायची. कंपनीनं ती मोडीत काढून दोन इंजिनांची, छोटी घेतली, तेव्हा कुठं जमलं. अजिंठ्याला येणारे जपानी यात्रेकरू आणि तुमच्या कारखान्यांतले इंजिनिअर एवढ्यावर ते भरतं. कलकत्त्याला तेल घ्यायचं की पुढं निघायचं.

खोटं कशाला बोलू, मार्गांच्या यादीतून आपलं शहरच उडवावं असं आलं होतं मनात. केवळ तुझी जिरवायला. दोन दिवस पेन हातात धरून बसलो. पण विमानतळाला लागूनच्या मुकुंदवाडीची पोरं तिथं कामाला लागतील, त्यांनी माझं काय बिघडवलंय? शहर राहू दिलं.

अठ्ठ्याहत्तर साल आठवतं? विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण दोघांनी मिळून भिंतीवर पोस्टर चिकटवलं. खळ माझ्या आईनं शिजवून दिली. पोलिसांनी दरडावलं आणि तू माझं एकट्याचं नाव सांगून मोकळा झालास. मी तीन दिवस आत. परीक्षा बुडाली, कॉलेजातून काढलं. आई चौकीबाहेर भाकरी घेऊन बसून राहिली. त्याच हातची भाकरी तू दोन वर्षं आपल्या खोलीवर खाल्ली होतीस रे! सुटल्यावर तुला गाठलं, तर म्हणालास, नुसतं नाव तर सांगितलं, त्यात काय एवढं. लई जळलो त्या बोलण्यानं. अजून जळतो. आणि यंदा विद्यापीठाला नाव लागलं तेव्हा पेढे वाटायला तूच पुढं व्हय?

काल पहिल्या विमानाच्या पाहुण्यांची यादी माझ्याकडं सहीला आली. सगळ्यात वर तुझं नाव. तू नवा सूट शिवलास, हेही मल्हारीनं कळवलंय. मी लाल पेनानं रेघ मारली आणि तिथं आईचं, सारजाबाईचं नाव घातलं. तिचा पासपोर्ट मी कधीच काढून ठेवलाय. ती विचारते, विमानात भाकरी चालते का. चालते म्हटलं. तू ये मात्र. सूट घालूनच ये. आई चौकीबाहेर बसली होती ना, तसाच विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा राहून बघ. आणि मनाला लावून घेऊ नकोस, त्रिंबक. नुसतं नाव तर कापलंय.

तुझाच, नाव तर तुला तोंडपाठ आहे,
पुंजाराम