गाजराचं औषध

४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून प्रयोगशाळेत सगळ्यांना हसू फुटलं. नाही, हे औषध घेऊन तू नारिंगी होणार नाहीस. आणि किलोभर गाजरं चावून खाल्लीस तरी उपयोग नाही. तुझ्या शरीरात जे एक प्रथिन तयारच होत नाही, ते कसं बनवायचं याची जनुकातली सूचना आम्ही गाजराच्या पेशींत घातली आहे. मातीबिती काही नाही. प्लास्टिकच्या उंच पिशव्यांत गोडसर पाणी, खालून हवेचे बुडबुडे, आणि ओल्या भुशासारख्या दिसणाऱ्या पेशी. त्यांच्यातून प्रथिन काढून, शुद्ध करून तुला शिरेतून द्यायचं. औषधाच्या चाचणीत रुग्ण म्हणून तुझं नाव आलंय, आणि याच पिशव्यांतलं औषध तुमच्या इस्पितळात जाणार आहे.

भावजींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

१९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. आ.

ते प्रथिन नाही म्हणून पोटातली प्लीहा इतकी वाढली आहे की दुकानात कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका कितवा महिना म्हणून विचारतात. मी सांगते, आत गाजरासाठी जागा करून ठेवली आहे. मशीनचं पायडल मारताना मांडीचं हाड ठणकतं. औषध लवकर आलं नाही तर प्लीहा काढावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तुझ्या भावजींसमोर मी ते हसत ऐकलं. तुला म्हणून सांगते, भीती वाटते.

पिशव्यांकडे बघ, आणि स्वतःच्या जेवणाकडेही.

तुझी,
ताई

७ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. एका पिशवीला आंबूस वास आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर जंतू. बाकीच्या वरकरणी चांगल्या होत्या, पण सगळ्या एकाच भांड्यातून भरलेल्या. तू माझी बहीण आहेस हे आमच्या प्रमुखांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी हळूच विचारलं, चांगल्या दिसतात त्या ठेवून पाहायच्या का. मी नको म्हटलं. सगळ्या मीच नष्ट केल्या. आता पहिल्यापासून वाढवायच्या, म्हणजे अख्खा उन्हाळा त्यातच जाईल.

रागाव, पण लिहिणं थांबवू नकोस.

तुझी,
ठकी

२ एप्रिल

चि. ठकीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण रागावलेच होते. तुझे भावजी तर म्हणाले, सख्ख्या बहिणीचीही हिला पर्वा नाही. मग तपासणीला गेलो तेव्हा त्यांनीच डॉक्टरीणबाईंना विचारलं, तसलं औषध शिरेतून गेलं असतं तर काय झालं असतं. जिवावर बेतलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.  घरी आल्यावर हे म्हणाले, ठकीला लिही. काय लिहायचं ते सांगितलं नाही, म्हणून माझंच लिहिते. मी वाट बघते. ऑपरेशन सध्या पुढे ढकललंय.

तू रडत बसू नकोस. हा ताईचा हुकूम समज.

तुझी,
ताई

१२ डिसेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

दुसऱ्या खेपेचं तुमचं औषध आता चांगलं लागू पडलंय. हाताला सुई लावून बसले की शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना सांगते, हे माझ्या धाकटीने वाढवलंय. काल डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं आणि ऑपरेशनचा विषय कायमचा मिटवला. हाड अजून कुरकुरतं, पण पायडल चालतं.

आज दुकान बंद केल्यावर माझेच दोन ड्रेस कमरेत आत घेतले. तुझे भावजी सुई ओवून द्यायला बसले होते. मध्येच चष्मा काढून आत गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. मी हाक मारली नाही.

सुट्टी काढून ये. माप घेऊन तुझाही एक ड्रेस शिवते.

तुझीच,
ताई