भुलीतल्या मावशी आणि त्यांचं जागं आतडं

मंगळवार, संध्याकाळ

ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून आज माझी पहिलीच केस. खंडाळ्याच्या वरच्या वाडीतल्या ठकूमावशी. हर्नियात अडकून त्यांचं आतडं काळंनिळं पडलं होतं. डॉक्टरांनी ते मोकळं केलं, सलाइनमध्ये भिजवलेल्या गरम कापडात गुंडाळलं आणि म्हणाले, "थांबू या. रंग आला नाही तर तेवढं कापावं लागेल."

थांबलो. मग कापडाखाली काहीतरी सरकलं. उघडून पाहिलं तर आतडं गुलाबी झालेलं, आणि त्यावरून एक लाट हळूहळू पुढे जात होती. मावशी तर पूर्ण भुलीत, श्वाससुद्धा मशीनचा. मग हे हललं कुणाच्या सांगण्यावरून? डॉक्टर म्हणाले, आतड्याला स्वतःच्या नसा असतात, मेंदूसाठी ते अडून राहत नाही. असेल. पण ती लाट डोळ्यांपुढून हलत नाहीये.

पाच वाजता मावशी शुद्धीवर आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पोरी, माज्या पोटात कोन चालत व्हतं गं?"

"कोणी नाही, मावशी."

"न्हाई कसं? लय येळ चालत व्हतं."

घरी येऊन जेवायला बसले. घास गिळेपर्यंत तो माझा होता. आता आत कुणीतरी त्याला पुढे ढकलतंय.